निवाऱ्याचं उद्घाटन

बाबा गेल्यावर घरी बसायला येणाऱ्या बहुतेकांना त्यांच्याबद्दल एकच गोष्ट आठवत होती, आणि ती कशी बोलावी हे कुणालाच कळत नव्हतं. माणूस नगरसेवक होता, एकदाच का होईना, तेव्हा त्याच्या कामाचा उल्लेख करणं रीतीला धरून होतं. पण बाबांचं काम म्हणजे आमच्या भागातल्या घाटावरचा निवारा. आलेले सगळे परवाच त्या निवाऱ्यात बसून आले होते. "सावली चांगली आहे हो," असं एक गृहस्थ म्हणाले आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन पाण्याचा पेला उचलून बसले. दुसऱ्यांनी विचारलं, "तो म्हणे यांनीच बांधला?" मी मान हलवली. त्यांनीही हलवली. 

बोलणं मला कधी जमलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी झाली, तिथे न बोलणं हा गुण समजतात. म्हणून लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण हे लिहून झालं की बाबांसाठी करण्यासारखं माझ्याकडे काही उरणार नाही.

निवाऱ्याची गोष्ट आजीच्या मरणापासून सुरू होते. आजी वैशाखात गेली. नागपूरचा वैशाख; सकाळी दहानंतर माणूस रस्त्यावर दिसला तर लोक त्याला आजारी तरी समजतात नाहीतर वेडा. घाट उमरेड रोडच्या अंगाला, नाल्याकाठी. तिथे चार ओटे होते, लाकडांची वखार होती आणि एक बाभूळ होती, जिची सावली तिच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नसे. बाबांनी अग्नी दिला. आजोबांना सगळे म्हणत होते की वखारीच्या छपराखाली बसा. ते हलले नाहीत. खांदा देताना चपला काढलेल्या, त्या कुठे राहिल्या कुणाला ठाऊक. तापलेल्या मुरुमावर म्हातारा अनवाणी उभा राहिला तो शेवटपर्यंत. घरी आणलं तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आले होते. आमचं घर कोष्ट्याचं. आजोबा तेव्हाही मागावर बसत, आणि मागाच्या पावड्या पायांनीच दाबाव्या लागतात. त्यानंतर कितीतरी दिवस माग बंद राहिला. आई हळद लावायची आणि आजोबा म्हणायचे, "ती गेली अन् जाता जाता माझा धंदा बसवून गेली."

बाबा विणकर सोसायटीच्या सुताच्या डेपोत होते. शांत माणूस. निवडणुकीला उभे राहिले ते सोसायटीच्या लोकांनी ढकललं म्हणून, आणि निवडून आले ते समोरचे दोघे एकमेकांची मतं खात बसले म्हणून. सभागृहात पहिलं वर्ष ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी आमच्या वॉर्डात एखादं बांधकाम करायचं असं पालिकेनं ठरवलं. भाजीबाजाराला पक्के ओटे द्यावेत, अशी एक सूचना होती. बाबा उठून म्हणाले, घाटावर निवारा बांधावा. सभागृहात हशा पिकला. एका वकील सभासदानं विचारलं, "मेंबरसाहेब, मतदार जिवंतांतले आहेत ना तुमचे?"

बाबा म्हणाले, "मग त्याहीलेच विचारू."

असं कुणी कधी विचारलेलं नव्हतं. रस्ता हवा की गटार, हे लोकांना विचारायची पद्धत नव्हती. लोकांना ते झाल्यावर कळायचं. पण उन्हाळ्यापूर्वीची कंटाळवाणी सभा होती आणि गंमत म्हणून ठराव मंजूर झाला. एका रविवारी पालिकेच्या शाळेत दोन पत्र्याचे डबे ठेवले, पुढे पडदा, म्हणजे कोण कुठे टाकतं ते दिसू नये. वॉर्डातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं एक चिठ्ठी एका डब्यात टाकायची. वाचता न येणारे बरेच, म्हणून डब्यांवर चित्रं हवी होती. बाजाराच्या डब्यावर ड्रॉइंग मास्तरांनी झोकात वांगं काढलं. घाटाच्या डब्यावर काय काढायचं, यावर ते घाम पुसत बसले. शेवटी त्यांनी छत्री काढली.

मी दिवसभर दाराशी उभा होतो. बाहेर पडणारा प्रत्येक माणूस मोठ्यानं सांगत होता, "वांगं!" कुणी विचारलेलं नसताना सांगत होता. म्हाताऱ्यांनी तर जरा जास्तच ठासून सांगितलं. घाटाचं नाव आपल्या तोंडून कसं काढायचं? भाजीवाल्या बायकांनी आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले होते. बाबा एका बाकावर बसून हसत होते, हरलेला माणूस हसतो तसे.

संध्याकाळी डबे उघडले. वांग्याच्या डब्यात तळाशी थोड्या चिठ्ठ्या होत्या. छत्रीचा डबा उपडा केला तर टेबलावर मावेना. मास्तरांनी डब्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, हे दोनदा पाहिलं. मला वाटतं, बायकांनीच ते केलं. बायका घाटावर जात नाहीत, पण घाटावरून आलेल्या पुरुषांचे पाय त्यांनाच पाहावे लागतात. अर्थात हा माझा तर्क. कारण त्या दिवसापासून आजपर्यंत छत्रीला चिठ्ठी टाकली असं कबूल करणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. आईसुद्धा नाही. "मी काहून टाकू वं माय? मले तर वांगंच पायजे होतं," ती शेजारणीला सांगत होती. शेजारीणही तेच म्हणाली. भाजीवाल्या बायकांनी पेढे आपसांत खाल्ले, आणि त्यातली एक बाबांना म्हणाली, "भाऊ, आम्ही आता भाजी घाटावर विकू काय?"

तर अशा रीतीनं, सगळ्यांनी मागितलेलं आणि कुणालाच नको असलेलं काम सुरू झालं.

देखरेखीला तिघांची उपसमिती नेमली. बाबा अध्यक्ष, तो वकील दुसरा, आणि तिसरे इतवारीतले भांड्यांचे व्यापारी. व्यापारी सभासद धिप्पाड, हसरे आणि फार सोवळे. अडचण अशी होती की घाटावर पाऊल टाकलं की घरी शिरण्यापूर्वी आंघोळ. मग मेलेलं कुणी असो की नसो. विटांची प्रत पाहायला गेलात तरी आंघोळ. उपसमितीची पाहणी दर आठवड्याला ठरलेली. वकीलसाहेब पहिल्याच पाहणीनंतर आजारी पडले आणि काम संपेपर्यंत त्यांना पाहणीच्या दिवशी नेमानं सर्दी होत राहिली. व्यापारी सभासदांनी मार्ग काढला. ते रस्त्यापलीकडे टांगा उभा करून टांग्यातूनच पाहणी करत. ओव्हरसियर आत जाऊन ओरडायचा, "साहेब, पाया भरला!" टांग्यातून उत्तर जायचं, "खोल आहे का गा?" "आहे साहेब!" "मग ठीक आहे."

बाबा आत जात. वाळू मुठीत घेऊन पाहत, खांबावर हात फिरवत, ठेकेदाराच्या माणसांबरोबर बसून पाणी पीत. आणि घरी आले की मागच्या दाराशी बादली, अंगावरचे कपडे बाहेरच, आणि आईनं दिलेला कडुलिंबाचा पाला चावून थुंकायचा. आमचं मागचं दार गल्लीत उघडतं. धोतर नेसून बाबा डोक्यावर पाणी ओतताना दिसले की गल्ली थांबायची.

"काहून भाऊ, कोण गेलं?"

"कोणी नाही. स्लॅब टाकून राहिले."

"बाप्पा! मी घाबरलो ना."

दुसऱ्या आठवड्यात तोच माणूस, तोच प्रश्न. वर्षभरात आमच्या घरी इतक्या वेळा कुणी तरी मेलं की शेवटी लोकांनी विचारणं सोडलं. आई मात्र सोडत नव्हती. "बाकीचे मेंबर लोक शाळा बांधतात, दवाखाने बांधतात. त्याहीच्या बायका हळदीकुंकवाले मिरवतात. अन् मी हे लिंबाचे ढगळे तोडत बसते."

आत नव्या ओट्यांवर छप्पर आणि त्याच्या बाजूला लोकांना बसायला लांब पडवी, असं काम होतं. पडवीत सिमेंटचे बाक. बाकांची तोंडं कुणीकडे करायची, हे नकाशात नव्हतं. ओव्हरसियरनं ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी बाबांना डेपोतून सुटता आलं नाही. टांगा मात्र वेळेवर आला होता. व्यापारी सभासदांना टांग्यातून बाकांच्या पाठी दिसत होत्या आणि ते बरं दिसेना. ते म्हणाले, "रस्त्याकडे करा तोंड. इथून शोभा आली पायजे." झाले रस्त्याकडे. म्हणजे बसणाऱ्यांची चितेकडे पाठ. बाबांनी ते पाहिलं तेव्हा सिमेंट वाळलं होतं. ते थोडा वेळ एका बाकावर बसले, मान मागे वळवून पाहिली, परत समोर पाहिलं. "राहू द्या," म्हणाले. "सारखं पाहत बसायले कोणाले होते?"

काम पुरं झालं आणि नव्या चुन्यात ते इतकं देखणं दिसू लागलं की एका दुपारी भिवापूरकडचा एक म्हातारा मिरचीचं पोतं घेऊन फाटकाशी येऊन बसला. मी आणि बाबा तिथेच होतो.

"उमरेडची गाडी इथूनच लागते का गा?"

"नाही काका. हा घाट आहे."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं, खांब पाहिले, रस्त्याकडे तोंड केलेले बाक पाहिले. "एवढा चांगला?" म्हणाला, आणि घाईनं पोतं उचलून उन्हात जाऊन उभा राहिला.

आता फक्त उद्घाटन राहिलं होतं. पालिकेचा नियम असा की बांधलेली वास्तू उद्घाटनाशिवाय लोकांच्या वापराला द्यायची नाही. तोवर फाटकाला कुलूप, आणि किल्ली उपसमितीच्या अध्यक्षाकडे. बाबा महापौरांकडे गेले. महापौर अतिशय आनंदले. कुठल्याही कोनशिलेला ते नाही म्हणत नसत. कोणती वास्तू हे कळल्यावर म्हणाले, "आमच्या मुलीचं लग्न निघालं आहे हो. वर्षभर असं काही नको." बाबा एका मंत्र्यांच्या बंगल्यावर गेले. तिथल्या माणसानं विचारलं की निमंत्रणपत्रिकेवर काय छापणार? 'अगत्य येण्याचे करावे' असं? बाबा चपला घालून बाहेर पडले. गुरुजींना मुहूर्त विचारला. त्यांनी पंचांग उघडलंच नाही. "त्या जागेचा मुहूर्त पंचांगात नसतो," म्हणाले, "ज्याचा त्याले येतो." वकील सभासदांची सर्दी बळावली. व्यापारी सभासद म्हणाले की नारळ मी देतो, भांडी लागली तर भांडीही देतो, फक्त मला बोलावू नका.

असा उन्हाळा आला. कुलूप तसंच. आणि घाटावर यायचे ते येतच होते. नव्या कोऱ्या पडवीच्या कुंपणाबाहेर, जुन्या ओट्यांभोवती, लोक पंचे डोक्यावर घेऊन उभे राहत. पाऊलभर अंतरावर सावली, तिला कुलूप.

बाबांना ते सहन होईना. मुदत संपत आली होती, पुढची निवडणूक दिसत होती, पण मला नाही वाटत त्यांना त्याचं काही होतं. आजोबांचे तळवे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते. काय व्हायचं ते होवो, म्हणून एका दुपारी ते किल्ली घेऊन निघाले. मलाही चल म्हणाले. गल्लीपलीकडच्या एका किराणावाल्याचे वडील गेले होते. बाबांनी फाटक उघडलं आणि हात जोडून म्हणाले, "या, सावलीत या. आतल्या ओट्यावर करू."

कुणी हललं नाही. किराणावाला ओल्या कपड्यांत उभा होता, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "नाही भाऊ. आधी दुसऱ्याचं होऊ द्या."

"अहो, ऊन पाहा."

"ते खरं आहे. पण पहिलं आमचंच काहून?"

त्याचा काका पुढे आला. "नव्या जागेत पहिला गेला की तो एकटा राहत नाही म्हणतात. घरचे आणखी ओढते."

"असं काही नसते गा," बाबा म्हणाले.

"नसते ना? मग तुमच्याच घरचं होऊ द्या पहिलं."

बोलल्यावर काकालाही ते लागलं. त्यानं खाली पाहिलं. बाबांनी फाटक ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि इतरांबरोबर उन्हात उभे राहिले. संपेपर्यंत.

ही गोष्ट आमच्या आधी घरी पोचली होती. आईनं बादली भरून ठेवली नव्हती. ती दारात उभी होती. "आता त्या शेडीसाठी घरचं कोणी मरावं लागते काय? सांगा, कोणाचा नंबर लावता?"

आतून आजोबा म्हणाले, "मी आहे ना. पण एकदम नका करू घाई. लुगडं अर्धं झालं आहे, तेवढं काढून घेऊ द्या."

"तुम्ही चूप बसा जी!" आई म्हणाली. सासऱ्याला चूप बस म्हणण्याचा तिचा तो एकच प्रसंग.

"अवं, तूच विचारलं ना," आजोबा म्हणाले.

बाबा हसले नाहीत. स्वतः विहिरीचं पाणी काढून आंघोळ केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट असेल. पालिकेच्या आरोग्य खात्यातला एक कारकून बाबांच्या ओळखीचा होता. वाटेत तो आम्हाला भेटला आणि बोलता बोलता म्हणाला की इतवारीत हातगाड्यांच्या आडोशाला एक माणूस मेलेला सापडला. पोलिसांचं सगळं झालं, वाट पाहून झाली, कुणी आलं नाही. हमाल असावा. गळ्यात काळ्या दोऱ्यात मारुतीचा बिल्ला, एवढीच ओळख. उद्या पालिकेची गाडी घाटावर नेईल.

बाबांनी गाडी किती वाजता निघते ते विचारलं. मग म्हणाले, "उद्या मी येतो."

ते का येणार हे कारकुनाला कळलं आणि मलाही कळलं. बेवारस माणसाच्या वतीनं 'पहिलं आमचंच काहून' असं विचारायला कुणी नव्हतं. घरी येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "बरं नाही हे."

"काय?"

"त्याले वापरून घेऊन राहिलो ना आपण."

मी म्हटलं, "त्याला काय कळणार?"

माझं तोंड पाहून ते चालू लागले. वाचून शहाणा झालेला माणूस असंच बोलतो हे त्यांना ठाऊक असावं.

दुसऱ्या दिवशी घाटावर बाबा, मी, पालिकेचे दोन कामगार आणि आजोबा एवढेच होतो. आजोबांना कुणी बोलावलं नव्हतं. ते चपला घालून, काठी घेऊन, आपले आपण रिक्षानं आले होते. गाडीतून देह उतरवला. बाबांनी कुलूप काढलं. आतल्या नव्या ओट्यावर लाकडं रचली. कामगारांतला एक जण नेहमीप्रमाणे पेटवायला पुढे झाला तेव्हा बाबा म्हणाले, "थांब. मी देतो."

"साहेब, हे आमचं रोजचं आहे."

"आज माझं आहे."

घाटावरच्या न्हाव्यासमोर ते खाली बसले. न्हाव्यानं विचारलं, "वडील का?" बाबांनी आजोबांकडे बोट केलं. आजोबा पडवीत एका बाकावर, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. न्हाव्याला काही कळेना, पण त्यानं डोकं भादरलं, मिशी काढली. मग बाबांनी मडकं खांद्यावर घेऊन फेरे घातले आणि अग्नी दिला. भर दुपार होती. छपराखाली ऊन नव्हतं. धूर सरळ वर गेला, पडवीत आला नाही. बाबांनी वाळूपासून सगळं पाहिलं होतं, धुराचंही पाहिलं असणार. आजोबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. "बसायले बरं आहे," एवढंच म्हणाले.

खरं संकट घरी होतं. बाबांचं डोकं पाहून आईच्या हातातला तांब्या पडला. सगळं सांगितल्यावर ती सावकाश खाली बसली.

"म्हणजे सुतक?"

बाबा पंच्यानं डोकं पुसत राहिले.

"मी काय विचारून राहिली? देव झाकू की नको? फोडणी देऊ की नको? आमचा कोण लागते तो?"

"काल लागत नव्हता," आजोबा म्हणाले. "आज पोरानं अग्नी दिला. आता लागते."

"किती दिवसांचं?"

"घरच्याचं असते तेवढं."

आईनं पदर खोचला, देव्हाऱ्यावर कापड टाकलं आणि त्या रात्री बिनफोडणीचं वरण केलं. एक शब्द बोलली नाही. तिच्या न बोलण्यात नवऱ्याबद्दल काय काय होतं ते सांगता येणार नाही; पण दाराला आलेल्या शेजारणीला ती म्हणाली, "आमच्यात सुतक आहे, शिवू नको." तेवढ्यावरून मला कळलं की तो माणूस आमच्या घरात आला.

यातून एक गोंधळ झाला. बाबांचं भादरलेलं डोकं गल्लीत दिसलं आणि सगळ्यांनी समजून घेतलं की आजोबा गेले. दुसऱ्या दिवशी व्यापारी सभासद टोपी हातात घेऊन बसायला आले. दार आजोबांनीच उघडलं.

"बसा," आजोबा म्हणाले. "कोणासाठी आले?"

त्या धिप्पाड माणसानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. अखेर म्हणाले, "तुमच्याचसाठी जी."

"मग भेट झाली. पाणी घेता का? नाही, सुतकाचं तुम्ही घेत नसाल."

खरं काय ते कळल्यावर व्यापारी सभासद खुर्चीच्या कडेला टेकले. मग विचारलं, "म्हणजे उघडलं तर? पहिलं झालं?" बाबांनी हो म्हटलं. त्यांनी सुस्कारा सोडला. तो कशाचा होता हे मला पुढच्या सभेनंतर कळलं. बाबा सुतकामुळे सभेला गेले नाहीत. सभागृहात ठराव आला की अध्यक्षांनी विनापरवानगी कुलूप उघडलं याबद्दल नापसंती नोंदवावी, आणि निवारा वापरात आलाच आहे तर त्याचं उद्घाटन झालं असं समजावं. दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले. देखरेखीच्या कामाबद्दल हजर असलेल्या दोन्ही सभासदांचं अभिनंदनही झालं. वकीलसाहेब त्या दिवशी ठणठणीत होते.

बाबांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, "उद्घाटन झालं ना? मग झालं तर."

दहाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आई बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. सुतकात पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होती.

"उद्या पानावर काय ठेवू?"

"काहीही ठेव."

"काहीही कसं? माणसाच्या आवडीचं ठेवतात. त्याले काय आवडत होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे पुस्तकात सापडेल.

"हमाल होता," आजोबा म्हणाले. "तिखट खात असन."

"ठेचा करते. गोड?"

"गोड कोणाले नको असते?"

"चहा पेत होता का तो?" आईनं विचारलं, आणि ते विचारताना तिचा आवाज जरा बदलला. "इतवारीत दिवसभर ओझं वाहायचं म्हणजे चहा लागतच असन." ती आत गेली. सकाळी पानावर भाकरी होती, ठेचा होता, वांग्याची भाजी होती, गुळाचा खडा होता, आणि शेजारी झाकलेल्या पेल्यात चहा.

ते सगळं घेऊन बाबा आणि मी घाटावर गेलो. फाटक सताड उघडं होतं. आत कुणा मोठ्या घरचं माणूस आणलेलं होतं. रस्त्यावर दोन मोटारी उभ्या होत्या. पडवी माणसांनी गच्च भरली होती. बाकांवर तर जागा नव्हतीच, खांबांना टेकून, पायऱ्यांवर, कडेच्या कठड्यावर लोक बसले होते. कुणी तरी पोरांना दामटत होतं, "सरका, म्हाताऱ्या माणसांना बसू द्या." त्यांत मला तो किराणावालाही दिसला. तो पंख्यानं वारा घेत होता.

बाबा एका खांबाजवळ जागा दिसते का म्हणून आत शिरले. एका तरुणानं हात आडवा केला. "काका, हे आमचे पाहुणे आहेत. तुम्ही जरा बाहेर थांबता का? गर्दी फार आहे."

"हो, हो," बाबा म्हणाले आणि बाहेर आले.

आम्ही नाल्याकाठी, रस्त्याच्या बाजूला, विधी केला. तो उरकायला वेळ लागला, आणि उन्हानं बाबांचं कोरं डोकं लाल झालं. मी म्हटलं, सांगू का त्यांना तुम्ही कोण ते? त्यांनी नको म्हटलं. ते पडवीकडे पाहत होते. आतल्या लोकांची तोंडं रस्त्याकडे होती, म्हणजे आमच्याकडे. त्यांतले काही बोलत होते, एक जण चक्क डुलक्या घेत होता. कुणाचेही पाय भाजत नव्हते.

घरी आल्यावर आईनं डोक्यावर पाणी ओतलं, लाल झालेली कातडी पाहून काहीतरी पुटपुटली आणि खोबरेल आणायला वळली.

"बसले नाही का तिथं सावलीत? एवढं बांधून ठेवलं आहे."

"जागाच नव्हती," बाबा म्हणाले. "भरलं होतं."

त्या दिवशी सुतक फिटलं होतं आणि वरणाला फोडणी होती. बाबांनी भात तीनदा मागून घेतला.